सोलापूरच्या हातांची भाषा

मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरात ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा भरते. नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि होम मैदानावरचा 'गड्डा' माणसांनी फुलून जातो. पाळण्यांची घरघर, भोंगे, विक्रेत्यांच्या आरोळ्या यांत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकमेकींत मिसळतात. या गर्दीत एखादे मूल हरवले, तर ध्वनिक्षेपकावरून त्याचे नाव पुकारले जाते, किंवा ते मूल जवळच्या दुकानदाराला आपले नाव सांगते. परंतु ज्याला ऐकूच येत नाही, त्या बालकापर्यंत ही हाक पोहोचत नाही. ते हातांनी जे सांगू पाहते, ते उमगणारा त्या गर्दीत क्वचितच कोणी असतो.

वास्तविक, दुसऱ्याची भाषा शिकून घेण्याचा सोलापूरला फार जुना सराव आहे. शहराच्या पूर्व भागातील पद्मशाली विणकरांच्या घरी तेलुगू बोलली जाते. अक्कलकोटच्या वाटेला लागले की कानडी शब्द कानी पडू लागतात. पेठांतील व्यापारी कुटुंबांत मराठीच्या जोडीला गुजराती किंवा मारवाडी नांदते. महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळाही मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा निरनिराळ्या माध्यमांच्या आहेत. कोणत्या दारात कोणती भाषा बोलावी, हे येथील मुलाला खेळता खेळता कळते. त्याचे ओझे त्याला कधी वाटत नाही.

हातांनी बोलणेही या शहराला अपरिचित नाही. यंत्रमागांच्या खडखडाटात शब्द विरून जातात, तेव्हा कामगार खुणांनीच काम भागवतात. बाजारपेठेत तर एकेकाळी रुमालाखाली बोटे धरून भाव ठरत असे. त्याला 'हत्ता पद्धत' म्हणत. व्यापाऱ्यांच्या बोटांत झालेला सौदा मालाच्या धन्याला दिसत नसे, म्हणून पुढे उघड लिलावाचा नियम आला. ती बोटांची भाषा झाकण्यासाठी होती. कर्णबधिरांची सांकेतिक भाषा मात्र मनातले उघड करण्यासाठी आहे.

भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे केवळ खाणाखुणा नव्हेत. हाताचा आकार, त्याची जागा, तळव्याची दिशा, हालचाल आणि चेहऱ्यावरचे भाव यांतून तिचा प्रत्येक शब्द घडतो. तिला स्वतःचे व्याकरण आहे. 'काय', 'कोठे' असे प्रश्नवाचक शब्द तिच्यात सहसा वाक्याच्या शेवटी येतात. 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर हवे असेल, तर उंचावलेल्या भुवयाच प्रश्नचिन्हाचे काम करतात.

या भाषेला शाळेचे दार मात्र फार उशिरा उघडले. १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने कर्णबधिरांच्या शाळांतून हातांची भाषा वगळावी आणि केवळ तोंडी बोलणे शिकवावे, असा ठराव केला. १८८५ च्या सुमारास मुंबईत भारतातील कर्णबधिरांची पहिली शाळा निघाली, तेव्हा जगभर याच मताचा पगडा होता. ओठ वाचण्यात आणि उच्चार घोटण्यात अनेक मुलांची भाषा शिकण्याची कोवळी वर्षे सरून गेली. हात चालले की जीभ आळसावते, हा समज अद्यापही घराघरांत आढळतो. प्रत्यक्षात कोणतीही एक भाषा वेळेवर पक्की झाली, तर वाचन-लेखनाला तिचाच आधार मिळतो.

आता चित्र पालटत आहे. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या चित्रफितींच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांची भर पडली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही या भाषेच्या देशभर प्रमाणीकरणाची शिफारस केली. तथापि हे सारे प्रामुख्याने कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी आहे. बहुसंख्य कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. शाळेत भाषा मिळाली, तरी घरी, गल्लीत आणि दुकानात ती बोलायची कोणाशी?

याचे उत्तर अमेरिकेतील मार्थाज व्हिनयार्ड या बेटाने पूर्वीच दिले आहे. तेथे पिढ्यानपिढ्या अनेक मुले कर्णबधिर जन्मत. म्हणून ऐकू येणारे शेजारीही लहानपणापासून हातांची भाषा शिकत, आणि कर्णबधिर माणूस गावात वेगळा म्हणून उरत नसे.

सोलापूरच्या प्राथमिक शाळांतही आठवड्याला एक-दोन तासिकांनी आरंभ होऊ शकतो. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला चष्मा, गालावरचा तीळ किंवा हसण्याची लकब यांवरून एक संकेतनाव मिळावे. नंतर नमस्कार, आई-बाबा, पाणी, भूक, अंक, घरचा पत्ता असे शब्द यावेत. शिकवणारी व्यक्ती शक्यतो कर्णबधिरच असावी. त्यांच्यासाठी ही भाषा शिकवण्याचा पदविका अभ्यासक्रम उपलब्ध आहे. त्यातून शहरातील कर्णबधिर तरुणांना सन्मानाची नोकरी मिळेल. शिवाय ज्याची लोक कीव करतात, त्यालाच मुले गुरुजी म्हणून ओळखतील.

शिक्षणासाठी थैली सैल सोडण्याची परंपरा येथील व्यापारी समाजाला नवी नाही. पद्मश्री सुमतीबाई शहा यांनी श्राविकाश्रमाच्या द्वारे स्त्रियांसाठी ज्ञानाचे दार उघडले. याच शहरातील जैन संस्कृती संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत 'तिलोयपण्णत्ती' हा प्राकृत ग्रंथ प्रसिद्ध केला. तीर्थंकरांच्या वाणीच्या संदर्भात अठरा महाभाषा आणि सातशे लघुभाषांचा उल्लेख त्यात येतो. समवसरणात प्रत्येकाला उपदेश आपापल्या भाषेत कळतो, अशी श्रद्धा आहे. तेथे भाषा बदलण्याची अट श्रोत्यावर नाही.

पुढे कधीतरी गड्ड्याच्या गर्दीत असेच एक मूल हरवेल. ध्वनिक्षेपकाची हाक त्याला तेव्हाही ऐकू येणार नाही. परंतु खेळण्यांच्या दुकानात वडिलांना मदत करणारी तिसरी-चौथीतली एखादी मुलगी त्याच्यासमोर उभी राहील, भुवया उंचावेल आणि हातांनी विचारील, 'तुझे नाव काय?'