घरात कुलूप कशाला?

दिल्लीत बिऱ्हाड थाटलेल्या मराठी माणसाचं घर म्हणजे अर्धी धर्मशाळाच. कुणी ‘एम्स’मध्ये दाखवायला येतो, कुणी यूपीएससीच्या क्लासजवळ खोली मिळेपर्यंत मुक्काम ठोकतो. नोएडातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये अंथरुणं वाढतात, तसे घरातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर बसणारेही वाढतात. त्याच कॉम्प्युटरवर सासऱ्यांच्या मृत्युपत्राचा मसुदा असतो, सुनेची रोजनिशी असते. ती बंद ठेवायची असं सुनेनं म्हटलं, की लगेच प्रश्न येतो, ‘‘घरच्या माणसांपासून लपवायचं काय?’’

प्रश्न लपवण्याचा नाही, हक्काचा आहे. लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये त्याचं उत्तर टर्मिनलच्या खिडकीत टाइप करायच्या एका ओळीत मिळतं. सी, एच, एम, ओ, डी या पाच अक्षरांची ही आज्ञा १९७१ सालच्या पहिल्या युनिक्समध्येही होती. तिचा हिशेब सोपा आहे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. त्यांची बेरीज करायची. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. रोजनिशीला ६०० दिले, की वाचणार आणि लिहिणार फक्त सून. दूध-किराण्याच्या हिशेबाला ६४४ दिले, की वाचतील सगळे, पण बदलेल ती एकटी. अर्थात, त्यासाठी प्रत्येकाचं खातं वेगळं हवं.

फोल्डरची गोष्ट निराळी. तिथे १ म्हणजे आत शिरण्याची परवानगी. शिवाय फाइल पुसण्याचा हक्क फाइलवर नव्हे, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर अवलंबून असतो. काही अडलं, की घाईघाईत सगळ्याला ७७७ देऊन मोकळे होणारे पुष्कळ असतात. अशा फोल्डरमधली रोजनिशी पाहुण्या भाच्याला वाचता येणार नाही, पण पुसून टाकता येईल! म्हणून खासगी फोल्डरला ७०० द्यावेत. उबुंटूमध्ये तर २०२१ पर्यंत नव्या खात्याचं मुख्य फोल्डर इतरांना उघडंच असे. त्या वर्षीच्या आवृत्तीपासून ते बंद ठेवलं जाऊ लागलं. कॉम्प्युटर जुना असेल, तर एकदा पाहून घेतलेलं बरं.

एवढं करूनही एक किल्ली उरतेच. प्रशासकाचा पासवर्ड ज्याच्याकडे, त्याला यातलं कुठलंच दार अडवत नाही. अनेक घरांत तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो. त्याच्यासाठी ६०० हा आकडा म्हणजे कुलूप नव्हे, नुसतं लोटलेलं दार. ते ढकलून आत जाणं त्याला सहज जमेल. पण घरातल्या बाईचंही स्वतःचं असं काही असू शकतं, हे ज्याला पटलं आहे, तो आधी कडी वाजवील.