आजीची रात्र कोण सांभाळतं?

‘आजीला केअर होममध्ये ठेवलंय’ हे वाक्य कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत मी सहज बोलते. मराठीत बोलताना मात्र अडखळते. कारण मराठीत ते ऐकलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी ‘वृद्धाश्रम’ उमटतो, मग ‘अरेरे’, आणि संध्याकाळपर्यंत सांगलीहून आत्याचा फोन येतो.

ठेवायचं की नाही, यावर आमच्याकडे पाच-सहा महिने बोलणं झालं. आजी ८२ वर्षांची, डिमेन्शिया आहे, रात्रभर जागी असते. दोनदा गॅस चालू ठेवून विसरली, एकदा पहाटे सोसायटीच्या गेटबाहेर निघून गेली. आईच्या कंबरेचं दुखणं, बाबांचं बीपी, आणि एजन्सीकडून आलेल्या दोन्ही बायका महिन्याभरात सोडून गेल्या. त्यामुळे ‘ठेवायचं’ हे शेवटी ठरलं. पण तिथे गेल्यावर नक्की काय बघायचं, हे आम्हाला सांगणारा एकही नातेवाईक नव्हता. सल्ले मात्र भरपूर होते.

बंगळुरूत अशा घरांची कमी नाही. माहितीपत्रकात बाग असते, भजन असतं, वाढदिवसाचा केक असतो. रात्री दोन वाजता जिन्याखालच्या खोलीत किती माणसं जागी असतात, हे नसतं.

कायद्याचा आधार मिळेल म्हणून मी वाचायला बसले. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा केंद्रीय कायदा आहे. त्यात निराधार वृद्धांसाठी राज्य सरकारने जिल्ह्याजिल्ह्यात किमान १५० जणांची सोय असलेली घरं काढावीत असं म्हटलंय. खाजगी केअर होमची नोंदणी आणि किमान दर्जा यांसाठी डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं, पण ती लोकसभा संपेपर्यंत ते मंजूर झालंच नाही. म्हणजे बघायचं ते आपणच.

पहिल्या होममध्ये आजी पाच आठवडे होती. नाव लिहीत नाही. जागा स्वच्छ होती, जेवण बरं होतं, माणसं गोड बोलायची. एका रविवारी मी तिचे मोजे बदलायला घेतले. एरवी ते कोणी काढतच नसावं. डाव्या टाचेवर रुपयाएवढा काळसर-लाल डाग होता, बोटाने दाबल्यावर रंग बदलत नव्हता. आजीने पाय ओढून घेतला आणि काहीच बोलली नाही.

हा डाग म्हणजे बेडसोरची सुरुवात. माकडहाड, कंबरेची बाजू, टाच अशा ठिकाणी हाडावर मांस कमी असतं. तिथे एकाच जागी तासन्‌तास दाब राहिला की रक्त पोचत नाही आणि कातडी मरायला लागते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं. एअर मॅट्रेसने मदत होते, पण ती गादी वळवण्याचं काम करत नाही. हे करायला माणूस लागतो, आणि तो रात्रीही लागतो.

मी मॅनेजरना विचारलं, रात्री किती जण असतात? ते म्हणाले, “मॅडम, पूर्ण बिल्डिंगमध्ये सीसीटीव्ही आहे.” मी पुन्हा विचारलं. बावीस वृद्धांमागे दोन बायका, त्यातली एक स्वयंपाकालाही. त्यांच्यावर राग काढण्यात मला अर्थ वाटला नाही. बारा तासांची पाळी करून कोण किती वेळा उठेल? पण आजीला तिथे ठेवणं शक्य नव्हतं.

दुसरी जागा शोधताना मी संध्याकाळी आठनंतर, न सांगता जायचे. दोन ठिकाणी फाटकच उघडलं नाही, तो निकाल तिथेच लागला. बाथरूमचं दार बाहेर उघडतं का, हे बघायचे. म्हातारं माणूस आत दाराला टेकून पडलं तर आत उघडणारं दार ढकलणार कसं? आणि तिसऱ्या मजल्यावरच्या, न उठणाऱ्या माणसांना आग लागल्यावर खाली कसं आणणार, हे विचारायचे. एका बाईंना हा प्रश्न अभद्र वाटला. पण ९ डिसेंबर २०११ ला कोलकात्याच्या ढाकुरियातल्या आमरी हॉस्पिटलमध्ये आग तळघरात लागली होती, आणि नव्वदहून जास्त माणसं गेली, बहुतेक धुराने गुदमरून. त्यांत पलंगावरून स्वतः उठू न शकणारे कितीतरी रुग्ण होते.

एक गोष्ट मात्र कोणत्याच यादीत नसते, ती म्हणजे भाषा. डिमेन्शियात नंतर शिकलेल्या भाषा बऱ्याचदा आधी जातात. आजीची हिंदी गेली, कामापुरती कन्नड गेली, सांगलीची मराठी राहिली. ती ‘ठणकतंय’ म्हणते, ‘घशाला कोरड पडलीय’ म्हणते. आणि तिला सांभाळणारी ताई झारखंडची. दुखणं सांगूनही पोचत नसेल तर ते न सांगितल्यासारखंच. म्हणून मी आजीचे पस्तीस शब्द मोठ्या अक्षरांत लिहिले, समोर हिंदी अर्थ, आणि पलंगाच्या डोक्याशी चिकटवले. ‘तूप’ लिहावं लागलं नाही. स्वयंपाकघरातल्या कन्नड काकूंना ते ‘तुप्पा’वरून आपोआप कळलं.

नव्या होमची फी सात हजारांनी जास्त आहे. ते गणित बाबा आणि मी दर महिन्याला वाटून घेतो. आत्याला १४५६७ हा ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर पाठवलाय, बंगळुरूतला १०९० आमच्या फ्रिजवर आहे. अजून लागला नाही.

टाच भरत आलीय, पूर्ण नाही. ड्रेसिंग दर बुधवारी. पलंगाला एक तक्ता लटकवलेला असतो, वळवल्याची वेळ आणि सही. मी गेले की आधी तो वाचते, मग आजीशी बोलते. परवा रात्री साडेदहाला गेले तेव्हा ती ताई आजीच्या पाठीखाली हात घालून म्हणत होती, “अम्मा, कूस.” आजी म्हणाली, “हळू गं.” ताईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “हळू लिस्ट में नहीं है. मतलब?”