आबांना शब्द ऐकू यावेत म्हणून

आमच्या घरी कपाटाच्या चोरकप्प्यात, दागिन्यांच्या डबीशेजारी एक सीडी ठेवलेली असते. वर काळ्या मार्करनं लिहिलंय : कानबाई 93. सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या सोसायटीत अशी एखादी सीडी किंवा कॅसेट बऱ्याच घरांत सापडेल. कुणाकडे लग्नाची, कुणाकडे गावच्या वही गायनाची, कुणाकडे नुसतीच म्हाताऱ्या माणसांच्या गप्पांची. बाजारात न मिळणारं आणि इंटरनेटवर कधीच न चढलेलं आमचं गाणं असं गोदरेजच्या कपाटांत पडून आहे. गेल्या दिवाळीत घरचा जुना डीव्हीडी प्लेअर बंद पडला तेव्हा आम्हा भावंडांसमोर पहिला प्रश्न उभा राहिला तो या सीडीचा : आता ही वाजवायची कशावर?

आमच्या पिढीचे आईवडील खान्देशातून आले. कुणी 1972 च्या दुष्काळानंतर लगेच, कुणी पुढच्या दहा-पंधरा वर्षांत. शिंदखेडा, दोंडाईचा, अमळनेर, पारोळा, धरणगाव. तापी लाइनच्या पॅसेंजरनं उधन्याला उतरायचं, गाववाल्याच्या खोलीवर पथारी टाकायची आणि दुसऱ्या दिवशी लूमच्या खात्यात उभं राहायचं. उधना, लिंबायत, पांडेसरा, मग जागा स्वस्त म्हणून भेस्तान. स्टेशनच्या पलीकडे तेव्हा शेतं होती. बारा फूट रुंद आणि चाळीस फूट लांब घर, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामायिक. पालिकेच्या मराठी शाळेत आम्ही शिकलो, गल्लीत गुजराती-हिंदी बोललो आणि घरात अहिराणी ऐकली.

त्या गल्लीत सगळ्यांच्याच घरी टेप मोठ्यानं वाजायचा. आम्हाला वाटायचं, आपल्या लोकांना दणक्यात ऐकायची हौस आहे. खरं कारण कळायला आम्हाला चाळिशी गाठावी लागली.

आबा, म्हणजे आमचे वडील, बारा-बारा तासांच्या पाळीत धोट्याच्या लूमवर उभे असायचे. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. एका लूमचा धोटा मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो आणि दर वेळी लाकडावर लाकूड आदळतं. अशी चाळीस-पन्नास लूम एका पत्र्याच्या शेडखाली. आठ तासांसाठी 90 डेसिबल ही आपल्या कारखान्यांच्या नियमांतली मर्यादा. धोट्याच्या लूमच्या शेडमध्ये आवाज सहज त्याच्या वर जातो, आणि आबांची पाळी तर बारा तासांची. कानात बोळा घालावा हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. शेडमधे कारीगर एकमेकांशी हातांच्या खुणांनी आणि ओठांवरून बोलायचे. आबा घरी आल्यावरही समोरच्याच्या तोंडाकडे रोखून बघत ऐकायचे. लहानपणी आम्हाला ते रागावल्यासारखे वाटत. ते ओठ वाचत होते.

अशा गोंगाटानं कान जातो तो सगळा एकदम जात नाही. आधी साधारण तीन ते सहा हजार हर्ट्झच्या पट्ट्यातलं ऐकू येणं कमी होतं. स, श, फ, त, थ या व्यंजनांची धार त्याच वरच्या पट्ट्यात असते. म्हणून अशा माणसाला आवाज येतो, शब्द येत नाहीत. ढोलकी येते, गाण्याची चाल येते, पण बाई काय गातेय ते येत नाही. मग तो टेपचा आवाज वाढवतो, शब्द तरीही येत नाहीत, मग आणखी वाढवतो. आमच्या गल्लीतला तो सगळा दणका शब्द शोधण्यासाठी होता.

घरात पहिला आला तो रेडिओ. मध्यम लहरींवर मुंबई रात्री चांगली लागायची, कारण त्या लहरी अंधार पडल्यावर आकाशातल्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन लांबवर पोचतात; दिवसा नुसती खरखर. गीतरामायण आम्ही असंच, मधेमधे विरघळत जाणारं ऐकलं. 1955 च्या रामनवमीला पुण्याच्या आकाशवाणीवरून माडगूळकर-फडक्यांनी ते सुरू केलं तेव्हा आमचे आजोबा अमळनेरच्या शेतात सालदारकी करत होते. ती छप्पन्न गाणी पूर्ण, एकही शब्द न गळता, आमच्या घरात ऐकू आली ती सीडीवर, 2003 साली.

मग टेप आला. टेपबरोबर आलं मडकं, आणि मला या मडक्याबद्दल सविस्तर सांगायचंय. चौटा बाजारातून मोठ्या भावानं एक सुटा स्पीकर आणला, कागदी कोन, मागे लोहचुंबक. नुसता हातात धरून वाजवला तर आवाज डब्यातल्यासारखा चिरका. शेजारच्या जिभाऊंनी सांगितलं, मडक्यावर ठेव. पाण्याचं जुनं झिरपणारं मडकं होतं, त्याच्या तोंडावर स्पीकर वर तोंड करून बसवला, कडेनं कणकेचा लेप दिला, आणि ढोलकी घरात शिरली. अक्षरशः छातीवर वाजली. कारण पुढे कधीतरी वाचलं : स्पीकरचा कोन पुढे ढकलला जातो तेव्हा मागची हवा ओढली जाते, पुढची आणि मागची लाट एकमेकींना खाऊन टाकतात आणि खर्ज मरतो. मागची लाट मडक्यात कोंडली की पुढची मोकळी होते. शोरूममधल्या महागड्या लाकडी स्पीकरचा डबाही मुळात हेच काम करतो. आमच्या पोरांनी ते मातीच्या भांड्यात करून पाहिलं होतं, कणकेच्या सीलसकट. लेप वाळून भेगा पडल्या की आवाज फाटायचा आणि आई पुन्हा कणीक द्यायची नाही.

कानबाई 93 ची कॅसेट त्याच टेपवर भरली. नागपंचमीनंतरचा रविवार, घरात आमची खान्देशी देवी कानबाई बसलेली, रोटांचा वास, गल्लीतल्या बाया दाटीवाटीनं बसलेल्या. भावानं टेप स्टुलावर ठेवला आणि लाल बटण नि प्ले एकदम दाबलं. मोठी माय, म्हणजे आमची आजी, पुढे गात होती आणि बाकीच्या मागून उचलत होत्या. साठ मिनिटांची कॅसेट, मधे एकदा बाजू बदलताना एक गाणं अर्धं तुटलंय. पुढच्या वर्षी सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी पसरली आणि दोन दिवसांत गल्ली ओस पडली. मिळेल त्या गाडीनं लोक गावाकडे निघाले. आईनं पत्र्याच्या पेटीत रेशनकार्ड, पोरांचे दाखले आणि ती कॅसेट टाकली. नवापूरला, जिथे एकाच फलाटाचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे, तिथे गाडी बराच वेळ उभी होती आणि आई पेटीवर बसून होती. मोठी माय त्या हिवाळ्यात गावीच गेली.

कॅसेटवरून सीडी करून घेतली 2004 मधे. फीत ताणली जात होती, आवाज डुलत होता. तोवर घरोघर व्हीसीडी प्लेअर आलेले होते, आणि एका सीडीत दीडशे गाणी अशा एमपी3 सीड्या स्टेशनाबाहेर मिळत. त्या दीडशे गाण्यांमागे काय गमावलं जातं ते तेव्हा कुणाला जाणवलं नाही. साध्या ऑडिओ सीडीत सेकंदाला सुमारे 1411 किलोबिट माहिती असते, त्या एमपी3 मधे बहुधा 128. मग मोबाइल आले आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळू लागलं. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला नि तेही संपलं. आज अहिराणी गाणी फोनवर हवी तेवढी आहेत, पुतण्या-भाच्या त्यांवर नाचतात, आणि मला त्याचा फार आनंद आहे. पण त्यात आमची मोठी माय नाही.

तर गेल्या दिवाळीत नवं काय घ्यायचं ते ठरवायला बसलो. भावाला फोनवरची गाणी हवी होती, बहिणीला तिच्या भीमसेनांच्या सीड्या, आणि आबांना कानबाई. आधी चूक केली. उधन्याच्या एका दुकानातून मोठ्या वुफरचा साउंडबार आणला. खोक्यावर वॉटचा भला मोठा आकडा होता, पीएमपीओमधला. हा आकडा क्षणभराच्या कमालीचा, तोही फुगवलेला असतो; बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत किती ताकद मिळते तो. आमच्या खोलीला वीस-पंचवीस खरे वॉट पुरले असते. साउंडबारनं भिंती हलवल्या आणि शेजारच्या काकूंची झोप मोडली. आबा मात्र हात कानामागे धरून बसले होते. खर्जानं शब्द आणखी गाडले जात होते. तिसऱ्या दिवशी तो परत केला.

मग आबांच्या कानांपासून सुरुवात केली. वुफर नको, तर मधला आणि वरचा पट्टा स्वच्छ देणारे दोन छोटे लाकडी स्पीकर, ज्यांत वरच्या सुरांचा ट्विटर वेगळा आहे. ते आबांच्या खुर्चीतल्या कानाच्या उंचीवर, भिंतीपासून हातभर पुढे. भिंतीला चिकटवले की खर्ज फुगतो. छोटा अँप्लिफायर, पण बास-ट्रेबलच्या खऱ्या, हातानं फिरवायच्या गोल बटणांचा. हल्ली हे बटण शोधावं लागतं. किती यंत्रांत ते अ‍ॅपच्या आत लपवलेलं असतं, आणि ज्या माणसाला त्याची सर्वांत गरज आहे त्यालाच ते सापडत नाही. आणि एक मोनोचं बटण. आबांचा डावा कान उजव्यापेक्षा अधू आहे. डावीकडच्या स्पीकरमधून येणारी गायिका त्यांना निम्मीच मिळे. दोन्हीकडून तेच वाजलं की पूर्ण मिळते. फोनवरून ऐकायचं असेल तर फोनच्या सेटिंगमधेही मोनो करता येतं. घरात वयस्कर माणूस असेल त्यानं हे जरूर बघावं.

सीडी प्लेअरचं काम सोपं नव्हतं. नवा असा दुकानात फारसा मिळत नाही. भाऊ पहाटेच्या गाडीनं मुंबईला गेला, लॅमिंग्टन रोडवर दिवसभर हिंडला, आणि त्याच्या खिशात कानबाई 93 ची नवी काढलेली प्रत होती. हे महत्त्वाचं. घरी जाळलेली सीडी आणि कंपनीची छापील सीडी सारखी नसते. घरच्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो, तो 780 नॅनोमीटरच्या लेसरसाठी बनवलेला. काही सुरुवातीच्या डीव्हीडी प्लेअरांच्या लेसरला तो दिसतच नाही. दोन दुकानांत ‘नो डिस्क’ आलं. तिसऱ्या दुकानातल्या जुन्या, जडशा प्लेअरनं ती खेचून घेतली आणि भर दुकानात बाया गायला लागल्या. भावानं तोच घेतला. तो रंगद्रव्याचा थर उन्हानं नि उष्णतेनं विटतो, म्हणून मूळ सीडीही त्याच आठवड्यात कॉम्प्युटरवर फ्लॅकमधे उतरवून तीन ठिकाणी ठेवली. फ्लॅकमधे आकार निम्म्यावर येतो पण एकही कण गळत नाही.

फोनच्या गाण्यांसाठी वायफायवर चालणारा छोटा डबा जोडला. ब्लूटूथ टाळलं, कारण त्यात फोन आला की गाणं थांबतं आणि सगळ्या घराला रिंग ऐकू येते. हा डबा गाणं स्वतः इंटरनेटवरून ओढतो, फोन फक्त सांगतो कोणतं.

शेवटची दुरुस्ती आईनं केली. समोरासमोर नागड्या भिंती, खाली लादी, त्यामुळे प्रत्येक शब्द दोनदा वाजत होता. सुरतेतल्या घरात कापडाला काय तोटा, पण पॉलिएस्टरचे पडदे आवाज अडवत नाहीत. आईनं मोठ्या मायच्या हातची गोधडी काढली, सात-आठ जुन्या लुगड्यांच्या थरांची, आणि आबांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर टांगली. घुमणं गेलं.

आबांनी आधी विचारलं, "कितलाले पडनं?" भावानं निम्मी किंमत सांगितली. मग सीडी आत गेली. सुरुवातीला खरखर, मग पोरांचा गलका, मग मोठी माय. मी ट्रेबलचं बटण हळूहळू उजवीकडे फिरवत गेलो आणि आबांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. एका ठिकाणी त्यांनी कानामागचा हात खाली घेतला.

"आते ऐकू ई ऱ्हायनं," ते म्हणाले.

बायांच्या काकणांची किणकिण आम्हा पोरांनाच येत होती, ती आबांना आली नाही, आणि येणारही नाही. पण शब्द येत होते. ते डोळे मिटून एकेक आवाज वेगळा काढायला लागले. गल्लीत बायांना माहेरच्या गावानंच हाक मारायची रीत, तशीच नावं ते घेत होते. ही पारोळावाली. ही शिंदखेडावाली, हिचा सूर नेहमी आधी पळायचा. ही जिभाऊंची, दोंडाईचाची. एक आवाज मात्र त्यांना ओळखू येईना. बारीक, कोवळा, सगळ्यांच्या मागून एक शब्द उशिरा येणारा. आईलाही आठवेना. आबांनी बोटानं मागे घ्यायची खूण केली, लूमवर करायचे तशी, आणि मी ते गाणं पुन्हा सुरुवातीला नेलं.