उजेड असलेली खिडकी

परवा रात्री जेवण झाल्यावर भाच्याने हेडफोन माझ्या कानांवर चढवले. म्हणाला, "मामा, मध्ये बोलू नको हं."

दोन गिटारी एकमेकींना वाट देत चालल्या होत्या. आमचे कान भजनी ठेक्यावर पोसलेले. मात्रा मोजायला गेलो तर सम हातात येईना. पुढे एका गाण्यात चक्क ट्रम्पेट वाजलं. गाणारा तर गातोय की स्वतःशीच बोलतोय, कळत नव्हतं.

बँडचं नाव 'अमेरिकन फुटबॉल'. या संगीताला इमो म्हणतात. १९८०च्या दशकाच्या मध्यावर वॉशिंग्टनमधल्या काही पंक बँडांनी जगावर ओरडायचं सोडून स्वतःचं दुखणं गायला घेतलं, तिथून हा प्रवाह निघाला. हे तिघे इलिनॉय विद्यापीठातले विद्यार्थी: माइक किन्सेला, स्टीव्ह होम्स आणि स्टीव्ह लामोस. ट्रम्पेट वाजवणारा लामोस म्हणजे त्यांचा ड्रमवालाच! १९९७ साली एकत्र आले, १९९९ साली 'पॉलिव्हायनल' या छोट्या कंपनीने त्यांचा एकुलता एक अल्बम काढला आणि २००० साली सगळं थांबलं. भांडण नाही, तंटा नाही. शिक्षण संपलं, वाटा फुटल्या. लामोस पुढे प्राध्यापक झाला.

तुम्ही म्हणाल, अशी पोरं कॉलेजागणिक असतात. असतातच. आम्हीही चौघे होतो. पेटी माझ्याकडे. शेवटच्या वर्षी स्नेहसंमेलनात दोन तास गायलो. मग एक मुंबईला गेला, एक आखातात, मी नोकरीला चिकटलो. त्या कार्यक्रमाची एकच कॅसेट होती, ती माझ्याकडे. गोव्याचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे. कपाटात तिला कधी बुरशी चढली, मला कळलंही नाही. आमचा तबलजी आता या जगात नाही. त्याचा हात त्या कॅसेटवर होता.

अमेरिकन फुटबॉलचा अल्बम मात्र राहिला. बँड नसताना तो या कानाकडून त्या कानाकडे जात राहिला. पुढच्या पिढीतल्या कित्येक बँडांनी त्या गिटारी गिरवल्या. २०१४ साली अल्बम नव्याने निघाला, त्याच वर्षी मंडळी पुन्हा रंगमंचावर आली. २०१६ आणि २०१९ साली नवे अल्बमही झाले. पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर अर्बाना गावातलं एक साधं घर आहे, रात्रीचं, वरच्या खिडकीत उजेड असलेलं. चाहते तिथे जाऊन फोटो काढू लागले. २०२३ साली बँड, कंपनी, तो फोटो काढणारा ख्रिस स्ट्राँग आणि आणखी काहींनी मिळून ते घर विकतच घेतलं, पाडलं जाऊ नये म्हणून.

चांगलं असेल ते टिकतं, असं आपण सहज म्हणून जातो. मला आता ते अर्धंच खरं वाटतं. ते कुणीतरी जपावं लागतं.

भाचा झोपल्यावर आखातातल्या मित्राला फोन लावला. त्या रात्री त्याच्या भावाकडेही टेपरेकॉर्डर होता, असं अंधुक आठवतंय. "बघतो," म्हणाला. मग बराच वेळ दोघेही काही बोललो नाही.