परतीचे दिवस : न्यू जर्सी ते शेंदूरजनाघाट

मुलाकडचा सहा महिन्यांचा मुक्काम संपत आला की आई-वडिलांच्या बॅगांचे वजन रोज होऊ लागते. शेंदूरजनाघाटच्या एका व्यापारी दांपत्याचे गेल्या फेब्रुवारीत न्यू जर्सीत असेच चालले होते. ऑगस्टात ते तिथे गेले. दशलक्षण पर्व फ्रँकलिन टाउनशिपच्या जैन मंदिरात झाले, आचार्य सुशीलकुमारजींनी 1983 मध्ये स्थापलेले ब्लेअर्सटाउनचे सिद्धाचलमही पाहून झाले. आता बाहेर बर्फ होता. मुलाने हलकेच विषय काढला, "बाबा, इथेच राहा. तिकडचा बगीचा विकून टाकू." वडील काही बोलले नाहीत. आंबिया बहराचा ताण तोडून गड्याने पाणी वेळेवर दिले असेल का, एवढेच त्यांनी रात्री पत्नीला विचारले.

नागपूरहून काटोलमार्गे गाडी वरूडच्या पुढे आली, सातपुड्याची रांग दिसली आणि संत्र्याच्या फुलांचा वास काचेतून आत शिरला. एका बागेत आंबियाचा फुलोरा, शेजारी मृगाची पिकत आलेली फळे. कडेला जंभेरीच्या खुंटावर डोळे भरलेल्या कलमांच्या रोपवाटिका. मधूनच तोडलेल्या झाडांची खोडेही होती. या तालुक्यात भूजल फार खोल गेले आहे. बोअर आटली की वाढवलेले झाड डोळ्यांदेखत वाळते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सौद्याला माणूस आला. बातमी गावात आधीच पोचली होती. तिला व्हिसा लागत नाही.

"शेठजी, नुसती फळं देता, की बगीचाच?"

शेठजींनी चपला घातल्या. "आधी झाडं पाहून येऊ," ते म्हणाले.