पुठ्ठा आडवा धरून बघ

सातारा

प्रिय सखे,

धाकट्याला मध्यमेंदू ‘जागा’ करणाऱ्या ‘मिडब्रेन’च्या वर्गाला घालू का, असं तू विचारलंस आणि मी फोनवर तुटकपणे ‘नको’ म्हणाले. तुला ते लागलं असेल, म्हणून सविस्तर लिहिते.

सांगलीत विश्रामबागला माझी बहीण राहते, तिच्या मुलाला असाच वर्ग लावला होता. शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम झाला. काळी पट्टी बांधून मुलं रंग ओळखत होती, पेपरातले मथळे वाचत होती. बहिणीच्या डोळ्यांत पाणी! मी मात्र भाच्याच्या मानेकडे बघत होते. वाचताना तो हनुवटी वर करायचा, कागद छातीशी धरायचा. घरी येऊन मी स्वतः ती पट्टी बांधली. नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते, खाली धरलेलं सगळं दिसतं. मग ती भाच्याला बांधून त्याच्या हनुवटीखाली आडवा पुठ्ठा धरला, तर एक अक्षर वाचता येईना. पोर रडायला लागलं. म्हणालं, “मावशी, दिसतं असं सांगितलं तर शक्ती जाते, सर म्हणाले.” नऊ वर्षांच्या मुलाला आईशी खोटं बोलायला शिकवलं, आणि त्याची फी आईनंच भरली. हजारो रुपये गेले त्यापेक्षा मला हे जास्त लागलं.

अगं, मध्यमेंदू जन्मापासून चालूच असतो. डोळे फिरवणं, उजेडात बाहुली बारीक करणं ही त्याची कामं. तो ‘जागा’ काय करायचा? आपल्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. दावा करणाऱ्यानं तो सिद्ध करावा, हा त्यांचा आग्रह इथेही तसाच लागू पडतो.

मेंदू तल्लख करतो म्हणणारे मोबाइलवरचे खेळही तसेच. खेळून खेळून त्या खेळात हात बसतो, पण गणित सुधारेल याचा भक्कम पुरावा नाही. अशा खेळांच्या ‘लुमोसिटी’ला फसव्या जाहिरातींबद्दल अमेरिकेत २०१६ मध्ये वीस लाख डॉलर भरावे लागले.

ऑनलाइन शिक्षण सगळंच वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. सरकारच्या ‘स्वयम्’वर चांगल्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात, पैसे पडतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेचे. थोरलीसाठी बघतेस त्या ऑनलाइन कोर्समध्ये शिकवणार कोण, फी परत मिळण्याची अट लेखी आहे का, हे आधी विचार. पदवी देणार असतील तर यूजीसीच्या यादीत नाव बघ. ‘आजच भरा, उद्या सवलत नाही’ म्हणणाऱ्याला तिथंच नमस्कार कर. हप्त्याच्या नावाखाली कर्जाच्या कागदावर सही घेतात, खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगीही मागतात. ती देऊ नकोस. कुणी अडकलंच असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

धाकट्याची फी अजून भरली नसशील तर थांब. आधी त्या वर्गात जा, त्यांच्याच मुलाच्या हनुवटीखाली पुठ्ठा धरू देतात का विचार, आणि काय म्हणाले ते मला कळव.

तुझीच