ठिपक्यासमोर ठिपका

पुण्याहून वाई नव्वद किलोमीटरच्या आतबाहेर. दोन-अडीच तासांचा रस्ता. २०१८ च्या भाऊबीजेला तेवढे अंतर तोडायला आम्हांला अकरा तास लागले, आणि त्यांतले सहा तास एकट्या खंबाटकीच्या घाटात गेले. महाबळेश्वरला निघालेली मंडळी हा घाट दहा-पंधरा मिनिटांत मागे टाकतात. त्यामुळे तो सावकाश पाहिलेला माणूस विरळाच. मी पाहिला आहे. त्याच्या एका वळणावरचे दगडसुद्धा माझ्या ओळखीचे झाले आहेत.

याचे श्रेय आमच्या गाडीला. गाडी म्हणजे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, १९९१ साली ती जुनी विकत घेतली. अण्णा एस.टी.त फिटर. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर रस्त्यावर पहिली एस.टी. धावली, त्यानंतर दहा वर्षांनी ते डेपोत लागले आणि १९९५ मध्ये निवृत्त झाले. नोकरीत दुसऱ्यांच्या गाड्या खोलल्या, निवृत्तीनंतर स्वतःची. वाईला त्यांची थोरली बहीण, आमची आत्या. दर भाऊबीजेला याच गाडीतून ते तिच्याकडे जात. त्या वर्षी आत्याला शहाऐंशी पुरी झाली होती, अण्णांना एक्याऐंशी. "यंदा जमलं नाही तर पुढच्या वर्षी" असे म्हणण्याचे दोघांचेही वय राहिले नव्हते.

त्या पावसाळ्यात गाडी तेल जाळू लागली. इंजिन खोलणे भाग होते. अण्णांचे हात तोवर थरथरू लागले होते. चहाची कपबशी त्यांच्या हातात वाजे. म्हणून मी त्यांना न विचारताच गाडी शहरातल्या एका मोठ्या गॅरेजात टाकली. बोअरिंग झाले, पिस्टन-रिंगा नव्या पडल्या, व्हॉल्व्ह घासले गेले. गाडी घरी आली तेव्हा अण्णा काठी टेकत खाली उतरले, बॉनेटमध्ये डोकावले आणि एवढेच म्हणाले,

"चेन कुणी चढवली?"

"अण्णा, आता गॅरेजमध्ये सगळं यंत्रांवर असतं," मी म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. वर गेले.

गाडी सुरू होई, सपाटीवर बरी धावे. पण चढ दिसला की मागून कुणी ओढून धरल्यासारखी रेंगाळे. गॅरेजवाल्याने सांगितले, "इंजिन नवं आहे, घट्ट आहे, मोकळं होऊ द्या." मग प्लग बदलले. मग पॉइंट आणि कंडेन्सर. मग कार्बोरेटरची जेट धुतली, पेट्रोलपंपाचा पडदा बदलला, कॉइल नवी आली. दर खेपेला डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवून टायमिंग "एकदम बरोबर" करून मिळे आणि बिलही मिळे. पाच आठवड्यांत मी यंत्रशास्त्रातले इतके शब्द शिकलो की वर्गात अलंकार शिकवताना माझ्या तोंडून एकदा "कार्बोरेटर" निसटला.

भाऊबीजेच्या सकाळी सातला निघालो. कात्रजच्या बोगद्यापर्यंतच काटा वर चढला. खेड-शिवापूरला थांबलो, पाणी घातले. सारोळ्याला नीरा ओलांडली, पुणे जिल्हा संपला. शिरवळला पुन्हा थांबलो. साताऱ्याकडून पुण्याला येणाऱ्यांना खंबाटकीत बोगदा होता. आम्हां जाणाऱ्यांना मात्र डोंगर चढूनच जायचे होते. साडेदहाच्या सुमाराला तिसऱ्या वळणावर गाडीने कार्बोरेटरमधून दोन शिंका दिल्या आणि ती उभी राहिली. मागे सुट्टीला निघालेल्या गाड्यांची रांग, त्यांचे भोंगे. दोन ट्रकवाल्यांनी उतरून गाडी कडेला ढकलून दिली. भाऊबीजेच्या दिवशी मेकॅनिक कुठला मिळणार! सौभाग्यवतींच्या मांडीवर फराळाचा डबा, अण्णांच्या मांडीवर आत्यासाठी घेतलेले लुगडे. अण्णा समोर दरीकडे पाहत होते.

तासभर मी मला ठाऊक असलेले सगळे करून पाहिले. म्हणजे प्लगच्या वायरी काढून पुन्हा बसवल्या. शेवटी खिडकीपाशी गेलो. हे वाक्य पाच आठवड्यांपूर्वीच म्हणायला हवे होते.

"अण्णा, जरा बघता का?"

ते लगेच उतरले. जणू दार उघडायची वाटच पाहत होते.

"माझे हात नाहीत चालायचे. तुझे घे."

मग त्यांच्या सांगण्यावरून मी चारही प्लग काढले, रॉकरवरचे झाकण उतरवले, पुढून हँडल घातले आणि सावकाश फिरवू लागलो. पुलीवरची खूण जागेवर आली तेव्हा पहिला आणि चौथा, दोन्ही पिस्टन वर आले होते. चौथ्याची पाळी ठिणगीची.

"आता पहिल्याचे दोन व्हॉल्व्ह बघ. धूर सोडणारा मिटत आलेला हवा, आणि हवा घेणारा नुकता उघडायला लागलेला. दोघं सारखेच. आहेत?"

नव्हते. एक अजून चांगलाच उघडा होता. दुसरा हललाही नव्हता.

"चेन एक दात चुकली," अण्णा म्हणाले.

रस्त्याकडेच्या दगडावर बसून त्यांनी मला समजावले, तसे मला आजवर कुणी शिकवलेले नाही. गाडीत टायमिंग दोन असतात: एक ठिणगीचे, एक व्हॉल्व्हचे. व्हॉल्व्ह हलवणारा कॅमशाफ्टच डिस्ट्रिब्यूटरलाही फिरवतो. चेन बसवताना एक दात मागे राहिला की दोन्ही मागे पडतात. गॅरेजवाल्याने डिस्ट्रिब्यूटर फिरवून ठिणगी तेवढी जागेवर आणली. त्यामुळे जो तो तपासतो त्याला टायमिंग बरोबरच दिसते आणि मूळ चूक झाकली जाते. हवा घेणारा व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, म्हणून गती कमी असली की घेतलेला श्वास परत बाहेर ढकलला जातो. गती असली की आत शिरणारी हवा जोरात असते, तेव्हा निभावते. म्हणून सपाटीवर गाडी शहाणी आणि घाटात आजारी.

"चालत होती, मग बिघडली, तर झिजलेलं शोधायचं. खोलून जोडल्यावर बिघडली, तर जिथं शेवटचा हात लागला तिथं बघायचं."

मला मुद्रितशोधनाची आठवण झाली. पहिल्या ओळीतला एक शब्द गळला की पुढची वाक्ये कितीही सारखी केली तरी अर्थ लागत नाही.

चेनचे झाकण घाटात उघडणे शक्य नव्हते. ऊन उतरेपर्यंत थांबायचे ठरले. सौभाग्यवतींनी डबा उघडला. शेजारून गाड्या जात होत्या, आणि अण्णा पूर्वीचे डेपोतले किस्से सांगत होते. त्यांतले निम्मे मी कधी ऐकलेले नव्हते. साडेचारला निघालो. "पहिल्यातच ठेव, पण इंजिन दबू देऊ नकोस, पळतं ठेव," हा मंत्र. खामजाईच्या देवळापाशी एकदा पाणी घातले, माथा गाठला आणि सुरूरच्या फाट्याला वळलो.

वाईत शिरलो तेव्हा कृष्णेवर दिवेलागण झाली होती. गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या मागून नदीचा गार वारा येत होता. आत्या ओट्यावरच बसून होती, समोर पाट मांडलेला. "आलास?" एवढेच म्हणाली. ओवाळताना तिचा हातही थरथरत होता. ताम्हनातली निरांजनाची ज्योत आणि अण्णांचे डोके दोन्ही हलत होती, तरी कुंकू बरोबर कपाळाच्या मध्यावर लागले.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाने आपल्या गॅरेजात चेनचे झाकण उघडले. दोन दातेरी चाके, प्रत्येकावर एक बारीक ठिपका. ठिपक्यासमोर ठिपका यायला हवा. एक दात बाजूला होता. अण्णांनी थरथरते बोट त्यावर ठेवले. बोलले काहीच नाहीत.

तिसऱ्या प्रहरी पसरणीचा घाट चढून पाचगणीपर्यंत जाऊन आलो. पाहण्यासाठी नव्हे, गाडीसाठी. ती न कुरकुरता चढली. वरच्या वळणावर थांबलो. खाली वाई, कृष्णेचे पात्र, पलीकडे धोमच्या धरणाचे पाणी. मी देखावा पाहत होतो. अण्णा बॉनेटवर कान लावून उभे होते.

"टॅपेट वाजतंय थोडं," ते म्हणाले.

"घरी गेल्यावर तुम्हीच बघा," मी म्हणालो. "हात माझे."